डायरीचं उजवं पान

आमची ही सोशल वर्कर होती आणि मी तिचा ड्रायव्हर. म्हणजे माझा धंदा फ्रीज दुरुस्तीचा, पण हिला स्कूटर येत नव्हती. एकदा शिकवायला घेतली तर पहिल्याच दिवशी तिने ती भाजीच्या हातगाडीवर नेऊन घातली आणि वर मलाच म्हणाली, "तुमचं शिकवणं बरोबर नाही." तेव्हापासून तिच्या घरभेटींना मी न्यायला लागलो. ती वर जायची, मी खाली थांबायचो. अशी वीस वर्षं गेली.

वर काय झालं ते ती कधी सांगायची नाही. नाव नाही, आडनाव नाही, काही नाही. मग मी माझ्या सोयीने घरांना नावं पाडली. हिरवं दार, कुत्रेवाले, तिसरा मजला. मजला मी इथं बदलून लिहिलाय आणि आणखीही दोनचार गोष्टी बदलल्यात. तेवढं हिच्याकडून शिकलो.

"काय म्हणतोय तिसरा मजला?" मी विचारायचो.

"तिसऱ्या मजल्याला जिने फार आहेत," असं म्हणून ती गुडघा चोळायची. झालं, एवढंच उत्तर.

तिची काम करायची एक रीत होती. ती एका जाड डायरीत लिहायची आणि मग त्यावरून ऑफिसच्या फायलीत उतरवायची. डावं पान पाहिलेल्याचं. डोळ्यांनी काय दिसलं, कानांनी काय ऐकलं, तेवढंच. ते त्याच दिवशी लिहायचं. उजवं पान वाटलेल्याचं. या घराचं काय करावं, कुणाला कशाची गरज आहे, ते सगळं तिथं. ते मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी.

"एका बैठकीत का नाही उरकत?" मी एकदा विचारलं.

"संध्याकाळी मी दमलेली असते. दमलेल्या माणसाला सगळी घरं वाईट दिसतात."

"आणि सकाळी?"

"सकाळी तुमचा चहा प्यायल्यावर सगळी बरी दिसतात. म्हणून मी चहाच्या आधी लिहिते."

मला ते पटायचं, कारण आमच्या धंद्यातही तसंच आहे. मी तरुणपणी एकदा एका बेकरीच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर नुसत्या अंदाजाने बदलला होता आणि बिघाड निघाला थर्मोस्टॅटमध्ये. ती गोष्ट मी बढाई मारायच्या ओघात हिला सांगून बसलो. पुढे आयुष्यभर, मी कुणाबद्दल काही ठाम बोललो की ही शांतपणे म्हणायची, "कॉम्प्रेसर."

तिची शेवटची घरभेट तिसऱ्या मजल्याची होती. दीड तासाने खाली आली आणि मागे बसली. एरवी रस्ताभर माझं ब्रेक मारणं कसं चुकतं यावर तिचं व्याख्यान असायचं. त्या दिवशी गप्प होती. सिग्नलला थांबलो तेव्हा फक्त म्हणाली, "जरा हळू चालवा." घरी येऊन तिने डावं पान लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर आली आणि छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणाली. दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. उजवं पान तसंच राहिलं.

पंधरवड्याने ऑफिसचं पत्र आलं, बाईंकडच्या वस्तू जमा करा म्हणून. ओळखपत्र दिलं, कपाटाच्या किल्ल्या दिल्या, कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा दिला. डायरी नाही दिली. दुसरं पत्र आलं, तेव्हा शोधतोय असं कळवलं. शोधायचं काय, तिच्या साड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती. मी ती उघडायला नको होती, पण शेवटचं पान तेवढं उघडलं. बाकीची नाही वाचली. त्या पानावर तिचं अक्षर आहे आणि त्यानंतर तिने काहीच लिहिलेलं नाही, म्हणून ते द्यायला हात होईना. त्याने कुणाचं काही अडत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चार महिने गेले. एका सोमवारी दुपारी हिच्या जागेवर आलेली मुलगी घरी आली. मी तिला मनात 'नवी' म्हणतो, कारण ऑफिसात सगळे तसंच म्हणतात. बारीक अंगाची, खांद्याला तिच्याहून जड पिशवी. मी चहा ठेवला तर तिने कपाला हातही लावला नाही.

"काका, रागवू नका, पण मॅडमची डायरी मिळाली का?"

"शोधतोय."

"एका केससाठी हवीय. येत्या गुरुवारी समितीपुढे आहे. फायलीत शेवटची भेट पाच महिन्यांपूर्वीची. त्यानंतर कोरं. मी दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा दाराला कुलूप."

"किती वाजता गेलीस?"

"चारला. का?"

"चारला आजोबा पोरीला शाळेतून आणायला जातात. सव्वापाचच्या आत घरात कुणी नसतं."

नवी माझ्याकडे बघतच राहिली. "मी आजोबा म्हटलंच नाही."

"तिसरा मजला ना? मी खालीच उभा असायचो. येताजाता दिसतात."

मग तिने मला जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं, आणि बरंचसं मला पानावरून ठाऊक होतंच. नऊ वर्षांची मुलगी, आई-बाप नाहीत, आजोबांजवळ राहते. आजोबांना विसरायला होतं आणि ते वाढत चाललंय. समितीने ठरवायचंय की पोरीला त्यांच्याजवळ ठेवायचं की वसतिगृहात. फाईल कोरी असली की समितीला वाटतं, या घराकडे कुणी बघतच नाही. मग पोरगी वसतिगृहात जाते. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. कोऱ्या कागदावर दुसरं काय ठरवणार?

मी उठलो आणि डायरी आणून दिली. शोधतोय म्हणणारा माणूस एका मिनिटात डायरी आणतो हे तिच्या लक्षात आलं असणार, पण तिने सरळ शेवटचं लिहिलेलं पान उघडलं.

तिने डावं पान वाचलं. त्यावर काय होतं ते मला हिच्याच शब्दांत पाठ आहे. गॅसच्या बटणाला लाल टेपची खूण. औषधांच्या डब्यात मंगळवारचा कप्पा भरलेलाच. मुलीच्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण, दूध उतरवताना झाली असं ती सांगते. मुलगी एक दिवस शाळेत गेली नाही, आजोबा बाजारातून परत येईनात म्हणून शोधायला गेली. आजोबांनी मला दोनदा चहा विचारला, दोन्ही वेळा मुलीने केला. आजोबा तिच्या वेणीला रिबीन बांधतात, ते विसरत नाहीत. निघताना मुलीने विचारलं, तुम्ही लिहिता ते कोण वाचतं?

म्हणजे त्या घरात माया आहे हे दिसत होतं. आणि नऊ वर्षांच्या पोरीने सगळ्या घराचा भार खांद्यावर घेतलाय हेही दिसत होतं. एकाच पानावरून दोन्ही निकाल देता आले असते.

नवीने नजर उजव्या पानावर नेली. मागचं पान उलटून पाहिलं, परत पुढे आली.

"काका, त्या काही बोलल्या होत्या का घरी? या केसबद्दल?"

आता खरं उत्तर होतं, नाही. पण चार महिन्यांत मला कुणी हिचं म्हणणं काय आहे असं विचारलं नव्हतं. ती आत स्वयंपाकघरात असावी आणि कुणीतरी मला म्हणावं, जरा विचारून सांगता का, असं मला वाटलं. आणि तिचं काम अर्धवट राहिलंय हे बघवेना.

"म्हणाली होती," मी म्हटलं, "पोरगी आजोबांजवळच बरी आहे."

नवीचे खांदे खाली आले. तिने ते लिहून घेतलं आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

मंगळवारी सकाळी एका दुधाच्या दुकानात फ्रीज बघायला गेलो. दुकानदार घाईत होता. "कॉम्प्रेसरच गेला असेल, बदलून टाका, एवढं काय बघताय?" म्हणाला. मी हत्यारं पिशवीत भरली, तासाभराने येतो म्हटलं आणि सरळ हिच्या ऑफिसात गेलो.

ऑफिसात भिंतीला लागून एक बाक आहे. मदत मागायला आलेली माणसं तिथं बसतात. मी तिथंच बसलो. नवीने बोलावलं तेव्हा उभा राहून सांगितलं, "काल मी खोटं बोललो. ही काहीच बोलली नव्हती."

"काहीच नाही?"

"हळू चालवा म्हणाली."

"त्याचा अर्थ?"

"अर्थ काय, गचके बसत असतील. स्कूटरच्या मागच्या स्प्रिंगा गेल्यात."

ती हसली नाही. "काका, मी रिपोर्ट टाईप करून मोठ्या बाईंकडे दिला. आधीच्या कार्यकर्तीचं मत म्हणून. उद्या पोरीला काही झालं असतं तर ते मॅडमच्या नावावर गेलं असतं."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला हिचं काम पुरं करायचं होतं आणि मी तिच्याच नावावर न केलेली गोष्ट चढवून बसलो होतो. मी खाली बघत उभा राहिलो.

"बसा," नवी म्हणाली. "तुम्ही असं उभं राहिलात की मला शाळेतल्या मास्तरीणबाई झाल्यासारखं वाटतं."

मोठ्या बाई म्हणजे ऑफिसच्या प्रमुख. नवी आत जाऊन तो रिपोर्ट परत घेऊन आली. काचेतून दिसत होतं, बाईंनी तिला चांगलंच सुनावलं. बाहेर आली तेव्हा कान लाल झाले होते. माझं नाव तिने सांगितलं की नाही ते मला आजवर कळलेलं नाही.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"आता मीच बघून येते. आज सव्वापाचला. मत माझं लिहीन, माझ्या नावाने."

"मी नेतो."

"स्प्रिंगा गेल्यात म्हणालात ना?"

"हळू चालवतो."

सव्वापाचला ती वर गेली. मी नेहमीच्या जागी थांबलो. इमारतीच्या खाली एका शिंपीणबाईंचं दुकान आहे, त्याच्या पायरीशी. तासाने नवी खाली आली. डोळे भरून आलेले. "काका, ती पोरगी ना..."

"मला सांगू नकोस. आणि मत आज लिहू नकोस."

"माहितीय. डावं पान." असं म्हणून ती पायरीवर बसली आणि तिथंच लिहायला लागली. अर्धं पान झाल्यावर उठली आणि दुकानात शिरली. "ताई, मी वरून आले. आजोबांना विचारूनच तुमच्याशी बोलतेय. तुमची ओळख आहे का त्यांच्याशी?"

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं नाही. "ओळख? त्यांच्या घराची जादा किल्ली या खिळ्याला आहे, बघा. पोरीने आणून दिलीय. म्हातारा रस्ता चुकला की लोक इथं आणून सोडतात. मी त्याला स्टुलावर बसवते, बटणांचा डबा देते रंग वेगळे करायला. खूश असतो."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं? तुम्ही ऑफिसवाले सरळ वर जाता. आधीच्या बाईसुद्धा. बाई गोड होत्या, पण जिना चढताना कधी इकडं मान वळवली नाही." मग माझ्याकडे सुई रोखून म्हणाल्या, "आणि हे तर दोन वर्षं माझ्या पायरीवर उभे. मला वाटायचं मुके आहेत बिचारे."

मला आधी राग आला. हिच्या कामात कुणी खोट काढलेली मला सहन होत नाही. पण बाई खरंच बोलत होत्या. ही वर बघायची आणि मी रस्त्याकडे. दोघांच्या मधे किल्ली खिळ्याला टांगलेली होती. ही असती तर घरी येताना गुडघा चोळत म्हणाली असती, "घ्या, माझाही कॉम्प्रेसर झाला," आणि दुसऱ्या दिवशी आधी या दुकानात शिरली असती.

नवी आणखी अर्धा तास तिथं बसली. मशीनच्या आवाजात मला नीटसं ऐकू येत नव्हतं, आणि मी ऐकायला गेलोही नाही.

बुधवारी ती दिवसभर फोनवर होती म्हणे. गुरुवारी मी तिला समितीच्या इमारतीत सोडलं. आजोबा आणि पोरगी ऑफिसच्या गाडीने आले. पोरीच्या वेणीला ताठ बांधलेली रिबीन होती. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्याची बटणं एक सोडून एक लागली होती. जिन्यापाशी पोरीने थांबवून ती नीट लावली. मला वाटलं, आता हे समितीतल्या कुणी बघितलं असतं तर त्याने काय लिहिलं असतं कोण जाणे.

मी खाली कट्ट्यावर बसलो. इतकी वर्षं खाली थांबलो, पण असा जीव कधी टांगणीला लागला नव्हता. डायरी पहिल्या पत्राला दिली असती तर हे चार महिने वाया गेले नसते. आज पोरीला वसतिगृहात पाठवलं तर त्यात माझा हात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाराच्या सुमाराला नवी खाली आली.

"मॅडम निकाल सांगायच्या तुम्हाला?"

"कधीच नाही."

"मग मी सांगितला नाही आणि तुम्ही ऐकला नाही असं समजा. पोरगी आजोबांजवळच राहतेय. सध्या तीन महिने."

मी मान हलवली.

"पण जसं चाललं होतं तसं नाही," ती म्हणाली. "आजोबा दिवसा वृद्धांच्या केंद्रात. केंद्राची बस संध्याकाळी त्यांना शिंपीणताईंच्या दुकानाशी सोडणार. पोरगी शाळेच्या बसने तिथंच उतरणार. डबा केंद्रातून, गॅस बंद. औषधं दर सोमवारी नर्स भरणार. पोरीने फक्त अभ्यास करायचा आणि खेळायचं. ते जमतंय का, हे मी दर महिन्याला बघणार. नाही जमलं तर परत विचार करावा लागेल, हेही मी लिहिलंय."

"शिंपीणबाई तयार झाल्या?"

"त्या म्हणाल्या, म्हातारा नसेल तर माझी बटणं कोण निवडणार?"

तेवढ्यात आजोबा आणि पोरगी जिना उतरून आले. गाडी यायची होती. नवीला वरून हाक आली म्हणून ती परत गेली, आणि आम्ही तिघंच कट्ट्याशी राहिलो. आजोबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही खाली थांबता. स्कूटर."

"हो."

"बाई नाही आल्या आज?"

पोरगी हळूच म्हणाली, "आजोबा, त्या वारल्या. वर सांगितलं ना त्यांनी."

म्हातारा चालता चालता थबकावा तसा थबकला. माझा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. "अरेरे. कधी झालं? फार माया होती त्यांना. आमच्याकडे आल्या की दोनदा चहा मागून घ्यायच्या." डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी म्हटलं, चार महिने झाले. किती वर्षांची सोबत, त्यांनी विचारलं. छत्तीस म्हटलं. "फार लवकर," ते म्हणाले आणि माझा हात धरून तसेच उभे राहिले.

थोड्या वेळाने ते रस्त्याकडे बघायला लागले. मग वळून म्हणाले, "बाई नाही आल्या आज?"

पोरगी लाजून लाल झाली. "आजोबा, सांगितलं ना. त्या वारल्या."

परत त्यांनी माझा हात धरला. परत अरेरे. परत तेच पाणी डोळ्यांत, पहिल्याइतकंच. किती वर्षांची सोबत? छत्तीस. फार लवकर.

"ते विसरतात," पोरगी मला म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटलं का?"

"नाही गं. विचारू दे त्यांना."

खरंच सांगतो, मला वाईट वाटत नव्हतं. पहिल्या पंधरवड्यात माणसं येऊन गेली, हात धरून गेली. नंतर ज्याची त्याची कामं. आता रस्त्यात कुणी भेटलं तर पावसापाण्याचं बोलतात, हिचं नाव काढत नाहीत. मला त्रास होईल म्हणून काढत नसतील. या म्हाताऱ्याला मात्र ही दर पाच मिनिटांनी नव्याने गेलेली कळत होती आणि दर वेळी त्याला तेवढंच लागत होतं.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा गाडी आली होती. पोरीने त्यांना आत बसवलं, दार ओढलं, त्यांचा हात आत घेतला. आजोबांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"बाई दिसल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. या वेळी ती काही बोलली नाही.

"माझा नमस्कार सांगा त्यांना," आजोबा म्हणाले. "म्हणावं, चहाला या."

"सांगतो," मी म्हटलं.